वरनं दिसलेला बांध

१९७४ साली उसावर पाकोळीची कीड पडली, तेव्हा औषध फवारायला सांगलीबाहेरच्या माळावर विमान आलं आणि मी तिथं राखणदार लागलो. मी कोरेगावचा. फौजेतली नऊ वर्षं विमानतळाच्या पहाऱ्यावर काढलेली. विमान उतरवताना पायलटाचं ध्यान हलवायचं नसतं, एवढं मलाही कळतं. फवारणी मंडळाचे चेअरमन नाथाजीराव यांना ते कळत नव्हतं. त्यांना नक्की काय कळतं, ते अजून कोणाला सापडलेलं नाही.

फवारणी कशी झाली ते वरून बघतो म्हणाले आणि एका सकाळी फेटा बांधून दोन माणसांच्या छोट्या विमानात बसले. पायलट कॅप्टन सबनीस, काळ्या चष्म्याचा पुणेकर. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, उतरताना यांना बोलू देऊ नका." तो हसला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्याला शहाणा तरी हवा.

अर्ध्या तासात विमान परतलं. सरळ खाली येत होतं, ते माळाच्या कडेला एकदम डावीकडे कललं आणि धावपट्टीच्या अलीकडच्या चरात चाक घालून नाकावर उभं राहिलं. कॅप्टनचा उजवा हात मोडला. चेअरमनांचा फेटासुद्धा सुटला नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी कारण तयार केलं: बिराप्पा धनगराची मेंढरं पट्टीवर आडवी आली! मेंढरं होती लांब ओढ्याला. पण कॅप्टनला परवाना वाचवायचा होता, त्यानंही मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी. बिराप्पाची साठ मेंढरं कोंडवाड्यात गेली. नुकसान भरून दे, नाहीतर मेंढरं विकू, असं त्याला सांगण्यात आलं. मला हुकूम झाला, जबाबावर सही करा, नाहीतर नोकरी सोडा.

बिराप्पा माझ्यापुढं उकिडवा बसला. "आवं हवालदार, तुमी तर बघितलंय न्हवं? मेंढरं गेली तर आमी जगायचं कशावर?"

"बघितलंय," मी म्हणालो. सही करणार नाही, हे मात्र तोंडातून निघेना. मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून चौकशीचे साहेब आले. पत्र्याच्या शेडमध्ये, हात गळ्यात बांधून बसलेल्या कॅप्टनच्या देखत, त्यांनी जबाब माझ्यापुढं ठेवला. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात चेअरमन एक अर्ज आणि शाईचं पॅड घेऊन आत घुसले.

"क्याप्टन, हितं साक्षीदार म्हणून अंगठा करा. डावाबी चालतोय."

"कसला अर्ज?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या चुलतभावानं, आकारामानं बांध कोरलाय सायेब! दोन हात आत आलाय. सात वर्सं मोजणी मागतोय, कुणाला दिसंना. वरनं कसा लख्ख दिसला!"

"पायलटनं बघितला?"

"त्यो कसला बघतोय! समोर डोळं लावून बसल्याला. मीच मानगूट धरून वळवली. म्हनलं, बघ रं गड्या, बघ!"

"कधी?"

"उतरताना की. लय वरनं काय दिसतंय? खाली आल्यावर दिसला."

कॅप्टननं डोळे मिटले. मी पेनाला टोपण लावलं. साहेबांनी माझ्यापुढचा कागद ओढून घेतला आणि हळूच विचारलं, "आणि मेंढरं?"

चेअरमन वैतागले. "मेंढरं वड्याला हुती वं! मधी असती, तर मला बांध दिसला असता व्हय?"

साहेबांनी तिथंच कोंडवाड्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली, मेंढरं सोडा म्हणून, आणि माझ्या हातात दिली. दारात बसलेल्या बिराप्पाला मी ती वाचून दाखवली. त्यानं माझे पाय धरले. लाथ घातली असती तर बरं वाटलं असतं.

आत चेअरमन अजून साहेबांच्या टेबलावर वाकून उभे होते. "सायेब, पेन उघडंच हाय, तर बांधाचंबी तेवढं ल्हून टाका की."