वहिदाने सांगितलेला शेवट

"मजीदभाई, आज परत त्या 'नीम तले का घर'चं नाव काढलंत, तर मी चहा सोडून उठेन. आधीच सांगून ठेवतो," बद्रीनाथ म्हणाला.

"ऊठ की," कारभारी म्हणाला. "तुझा चहा मी पितो."

औरंगाबादच्या शहागंजातल्या त्या हॉटेलात दर जुम्म्याला, मजीद नमाज आटोपून आला की तिघांची बैठक भरायची. बद्रीनाथ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. कारभारीची चितेगावची जमीन कारखान्याखाली गेली, तेव्हापासून तो शहरात मुलाकडे राहायला आलेला. मजीद एकेकाळी चिकलठाण्याला फिटर होता. तिघांची जात-पात, घरदार, खाणंपिणं सगळं वेगळं. वेड तेवढं एक, जुन्या सिनेमांचं. आणि बैठकीचा कायदा कडक होता. जो सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला, तो इथे सांगायचा नाही. पडलेला, आठवड्यात उतरलेला, सगळे विसरून गेलेले असतील असाच सांगायचा. बाकीच्यांनी तो मोबाइलवर शोधून पुढच्या जुम्म्यापर्यंत बघायचा. शिफारस फसली तर चहा शिफारस करणाऱ्याने पाजायचा. चहा बहुतेक वेळा कारभारीच पाजायचा, कारण ज्यात बैलगाडी आहे तो प्रत्येक सिनेमा त्याला झकास वाटायचा.

मजीदचा सिनेमा मात्र सापडायलाच तयार नव्हता. एक सुतार कमाईसाठी परदेशी जातो आणि त्याची बायको लिंबाखालच्या घरात त्याची वाट बघते, एवढीच त्याची गोष्ट. मजीद ती इतक्यांदा सांगे की शेवट दोघांना पाठ झाला होता. सुतार परत येतो, वाट अंधारी असते, पण बायकोला त्याची चाल ओळखू येते. ती दारात येते, हातात पाण्याचा तांब्या, आणि एवढंच म्हणते, "इतनी देर?" मजीदचे डोळे दर वेळी इथे भरून यायचे, आणि दर वेळी बद्रीनाथ त्याची टर उडवायचा.

त्या जुम्म्याला मजीदने चहाला हातही लावला नाही. "वहिदाला दवाखान्यातून घरी आणलं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता हवं ते खाऊ घाला. तिला काही खायचंच नाही. मी म्हटलं, हा पिच्चर मिळाला असता तर दाखवला असता. आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा बघितलेला."

बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मघाचं बोलणं परत घेता आलं असतं तर त्याने नाक घासून घेतलं असतं. "मी शोधतो," तो म्हणाला. "माझा जावई हैदराबादला आहे. तिथं असे शौकीन पुष्कळ आहेत. शोधतोच."

लग्न झालं तेव्हा मजीद आणि वहिदा बिडकीनला राहत. सिनेमा बघायचा तर औरंगाबादला यावं लागे, आणि बिडकीनची शेवटची गाडी सिनेमा संपायच्या आधीच सुटे. मग थेटरात बिडकीनची सगळी मंडळी एकदम उठायची. खालून बाप्ये, वरून बाया. पायांचा धुडधुड आवाज व्हायचा आणि शहरातले लोक शिव्या घालायचे. सिनेमाचा शेवट काय झाला ते पुढे आठ-पंधरा दिवसांनी कळायचं. वहिदाची खाला, म्हणजे मावशी, जैतुनबी शहरात राहायची, ती प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत बघायची. वहिदा तिच्याकडून शेवट ऐकून यायची आणि रात्री जेवताना मजीदला सांगायची. सुताराने स्टेशनावर पाय ठेवला आणि यांना उठावं लागलं होतं. तांब्याचा शेवट मजीदने असाच ऐकला होता. भाकरीचा घास हातात धरून.

बद्रीनाथने बोलणं खरं केलं. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून ठेवलेली प्रत मिळाली. मजीदने आनंदाच्या भरात वहिदाला सांगितलं, तेव्हा ती कोपरावर भार देऊन उठून बसली.

"कायकू ढूंढे जी?" ती म्हणाली.

"तेरेकु पसंद था ना?"

"हौ. था."

रविवारी दुपारी तिची खाट बैठकीत आणली. कारभारी आणि बद्रीनाथ सतरंजीवर बसले. चित्र फिकट, आवाज खरखरीत, पण मजीद हरखून गेला होता. प्रत्येक प्रसंग यायच्या आधीच तो सांगून टाकायचा. वहिदा उशीला टेकून मुकाट्याने बघत होती. सुतार स्टेशनावर उतरला तेव्हा ती म्हणाली, "बस करो अब. आंखां दुखरे."

"अगं, थोडाच राहिला. आता तर शेवट आहे. या दोघांनाही बघू दे, ती दारात कशी येते ते."

तिने डोळे मिटून घेतले.

सुतार लिंबापाशी आला. दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीने त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. सुताराने कुलूप काढलं, आत गेला, आणि चूल बघून तिच्यासमोर खाली बसला. त्यावरच सिनेमा संपला.

एरवी बद्रीनाथने मजीदला सोललं असतं. आज त्याने चप्पल पायात घातली आणि कारभारीला कोपराने ढोसलं. दोघे निघून गेले.

मजीद खाटेच्या कडेवर बसला. "खाला झूठ बोली थी क्या?"

"खाला सच बोली थी," वहिदा म्हणाली. "मैं झूठ बोली. तुमे जद्दा जारे थे. पेटी बांध के रखी थी. मैं क्या बोलती, घर कु ताला मिलता बोलती?"

"मैं नै जाता था फिर."

"हौ. इसीच वास्ते नै बोली. दो नंदां की शादी थी, सर पे छत नै थी. जाना तो थाच."

मजीद दोन वर्षांच्या करारावर जद्दाला नोकरीसाठी गेलेला माणूस. करार संपला की पुन्हा सही करायचा. घाई कसली, ती आहेच की दारात, असं वाटायचं. परदेशातल्या त्या खोलीत डोळे मिटले की त्याला तांब्या घेतलेली बाई दिसायची आणि निवांत झोप लागायची. त्या झोपेचा आता त्याला राग आला, लाज वाटली.

"तेरेकु डर नै लगा?" त्याने विचारलं.

"लगता था ना. रोज शामकु दरवाजे में खड़ी रहती थी. ताला नै लगा, मैं है करके देख लेती थी."

तो रडला. तिने त्याला रडू दिलं.

त्यानंतर मजीदने हॉटेलात जाणं सोडलं. कुठेच जायचा नाही. दळण आणायचं तर शेजारणीला सांगायचा. दोन जुम्मे गेले तेव्हा कारभारी आणि बद्रीनाथच घरी येऊन बसले. आजारी माणसाजवळ काय बोलावं कळेना, म्हणून ते हळू आवाजात सिनेमांचंच बोलू लागले. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"मी सांगू का एक?"

"बिडकीनच्या माणसानं शिनेमा सांगायचा म्हंजी शेपटाबिगर बैल," कारभारी म्हणाला, आणि मग जीभ चावली.

वहिदा हसली. "शेपूट मी लावते, कारभारीभाऊ. तुमी ऐका तर."

तेव्हापासून बैठक मजीदच्या घरी भरू लागली. वहिदा एकेक सिनेमा काढायची. कधी कोणी नाव ऐकलं नसेल असा. अर्धा थेटरात बघितलेला, अर्धा खालाकडून ऐकलेला, आणि त्यात स्वतःच्या पदरचं किती, ते तिलाच ठाऊक. तिच्या सिनेमात कोणी मरत नसे. हरवलेलं माणूस सापडे, रुसलेलं परत येई. बद्रीनाथने एकदा चोरून त्यातला एक सिनेमा बघितला. परतीच्या वाटेवर तो कारभारीला म्हणाला, "अरे, शेवट साफ वेगळा आहे. ती विहिरीत उडी घेते."

"मग? चांगला कोणता?"

"वहिनींचा."

"मग गप ऱ्हा की."

एका जुम्म्याला तिने रेल्वे फाटकावरच्या बाईचा सिनेमा सुरू केला. तिची मुलगी सर्कशीबरोबर पळून गेलेली. वर्षं जातात. एक दिवस सर्कशीची आगगाडी फाटकापाशीच खोळंबते. आई कंदील घेऊन डब्या-डब्यातून मुलीला हाका मारत निघते. वहिदाचा आवाज बारीक होत चालला होता. कारभारी गुडघ्यावर पुढे सरकला होता.

"सापडती का?" त्याने विचारलं.

"दम लागला," ती म्हणाली. "फुडच्या जुम्म्याला सांगते."

मंगळवारी सकाळी वहिदा गेली. मजीद चमच्याने तिच्या तोंडात पाणी घालत होता. दोन घोट गेले, तिसरा ओठांवरून ओघळला. त्याने आपल्या हाताने तिचे डोळे मिटले. घरी होता तो.

जुम्म्याला दोघे आले. मजीदने दार उघडलं, सतरंजी अंथरली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बद्रीनाथ मघापासून मोबाइल हातात घोळवत होता. त्याला राहवलं नाही. माणूस वाईट नव्हता. आपल्याकडून मित्राला काहीतरी द्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"मजीदभाई, तो फाटकवालीचा सिनेमा मिळालाय. अख्खा आहे. शेवटी ती मुलगी..."

मजीदने हात वर केला.

"नको, बद्रीनाथ," तो म्हणाला. "ते ती सांगणार होती."

बद्रीनाथने मोबाइल खिशात टाकला. रिकाम्या खाटेकडे आपली पाठ होतेय हे कारभारीच्या ध्यानात आलं, तसा तो सरकून जरा तिरपा बसला.