तळघरातली रेंज

"जरा वर धरा. अजून. हां, आता सोडू नका," शिडीवरून ताई म्हणाल्या. खाली उभ्या असलेल्या मॅडमनी दोन्ही हातांनी पॅनेल भिंतीला दाबून धरलं.

रुग्णालयाच्या तळघरातला हा वॉर्ड. भिंती जाडजूड; मोबाइलची रेंज जिन्यापाशीच थांबायची. चालते-फिरते पेशंट जिन्यात जाऊन बोलत. अंथरुणाला खिळलेल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी हे पॅनेल योजलं होतं. त्यावर तांब्याच्या बारीक चौकटी दाटीवाटीने बसवलेल्या. त्यांना दिलेली वीज कमी-जास्त केली की जिन्यातून आलेल्या लहरी हव्या त्या बाजूला वळणार होत्या. कल्पना मॅडमची, चौकटी ताईंच्या हातच्या. आज नुसती चाचणी होती.

ताईंची उमेदीची सगळी वर्षं असे नमुने बनवण्यात गेली होती. नमुने तपासले जायचे, त्यांच्यावर लेख छापून यायचे आणि नमुने कपाटात जायचे. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "आमची ही न दिसणाऱ्या लहरी वळवते. मी तर काय, दिसतोच." ताईही हसायच्या. पण आता निवृत्ती तोंडावर आली होती. आपल्या हातचं काहीतरी कुणाच्या कामी आलेलं एकदा बघायला मिळावं, असं त्यांना फार वाटे.

मॅडमनी लॅपटॉपवर आकडे बदलले. "सिस्टर, आली का रेंज?"

"नाही हो," आतून उत्तर आलं.

पुन्हा बदलले. पुन्हा नाही. ताईंनी पॅनेलची वायर चाचपून पाहिली.

"थांबा, अजून थोडं आत वळवते," मॅडम म्हणाल्या.

आणि पार कोपऱ्यातल्या पलंगावर फोन वाजला. तिथे खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा होते. घरी बायको एकटी. गुडघ्यांमुळे तिला इथवर येणं जमत नव्हतं.

"अगं, ऐकू येतंय," आजोबा म्हणाले. "हो, जेवलो. तू जेवलीस का? हे बघ, मोरीचा नळ जोरात फिरवू नकोस, आटे गेलेत त्याचे. मी आलो की बघतो." मग त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. "काही नाही गं. तू बोल. मी ऐकतोय."

मॅडमनी हलकेच विचारलं, "चाचणी झाली आपली. उतरवायचं ना?"

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. "स्क्रू फार घट्ट बसलेत, मॅडम."

ताईंनी ते दोनच फेरे पिळलेले मॅडमनी आत्ताच पाहिले होते. त्या जरा हसल्या. "बरं. मोठ्या डॉक्टरांशी मी बोलते. वायर तेवढी कुणाच्या पायात यायला नको."

ताईंनी पर्समधून चिकटपट्टी काढली. गुडघे टेकून त्या भिंतीच्या कडेने प्लगपर्यंत वायर चिकटवत निघाल्या, आणि कोपऱ्यातल्या पलंगापाशी आल्यावर, बोलण्यात व्यत्यय नको म्हणून, पट्टी टर्रकन न फाडता हलकेच दातांनी तोडू लागल्या.