लाल पट्टीचा खोका

माझी आई दुसऱ्यांची घरं खोक्यांत भरते. सामान हलवणाऱ्या कंपनीत ती बारा वर्षं आहे. तीन खोल्यांचं घर ती एका दिवसात असं गुंडाळते की संध्याकाळी भिंतीवर नुसते खिळे उरतात. कपबशा कागदात कशा फिरवायच्या, आरशावर चिकटपट्टीची फुली का मारायची, पुस्तकं लहान खोक्यातच का भरायची, हे सगळं मला पाढ्यांच्या आधी येत होतं. पण एक गोष्ट आईलाही माहीत नव्हती आणि तीच मला छळायची. त्या खोक्यांचं पुढे काय होतं?

ट्रकचं दार लागलं की आईचं काम संपायचं. तिकडे सामान उतरवणारी माणसं वेगळी. एकदा मी ड्रायव्हरकाकांना गाठलं आणि विचारलं, "तिकडे पोचल्यावर काय होतं?"

"खोके उतरतात," ते म्हणाले. "सही घेतो. चहा दिला तर पितो, नाही दिला तर निघतो."

"आणि उघडताना?"

"उघडताना मी कशाला थांबू? मला परत यायचं असतं ना."

म्हणजे बारा वर्षांत इतकी घरं गेली आणि एकाचंही दुसरं टोक आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. सिनेमा मध्यंतरालाच सोडून यावा तसं ते होतं. आईला त्याचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, माझा हात बांधण्यात बसलाय, सोडणारे सोडतील.

भिंगरी आमच्या अगदी वरच्या घरात राहायची. हजेरीपटावर तिचं वेगळं नाव होतं, पण ती एका जागी दोन मिनिटं बसत नसे म्हणून तिच्या आजोबांनी तिला भिंगरी म्हटलं आणि तेच चिकटलं. मला ती नकटी म्हणायची. माझं नाक तसं बरं आहे, पण लोकांच्या भानगडीत खुपसून खुपसून ते एक दिवस चपटं होणार, अशी तिची खात्री होती. स्वतः ती माझ्याहून चार पावलं पुढे होती. तिने टाच दोनदा आपटली की आमच्या छतातून ठक ठक यायचं, आणि मी हातातलं टाकून जिन्यात पळायचे.

आमची एक तपासवही होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली. एकीने प्रश्न लिहायचा, दुसरीने तपास करून खाली पेन्सिलने उत्तर लिहायचं. नियम तीनच. प्रश्न विचारणारीने तपासाला सोबत जायचं नाही. तिने उत्तरासाठी आठवण करायची नाही. आणि आधीच्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा लिहायचा नाही. घड्याळवाल्याच्या दुकानात प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ का, हा माझा अठ्ठावन्नावा प्रश्न होता. भिंगरीने त्याच्या काउंटरला कोपर टेकून विचारलं आणि लिहून आणलं, "तो म्हणतो, दुरुस्त झालेली खरं बोलतात, बाकीची अजून आजारी आहेत." बेकरीवाली बाई घरी स्वतः पाव खाते का, हा तिचा प्रश्न होता. खात नाही. ते कळायला मला चार दिवस आणि भरपूर बोलणी लागली.

एकशे सतराव्या प्रश्नावर आम्ही होतो तेव्हा भिंगरीच्या बाबांची बदली झाली.

रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र, इतकं ते लांब. आणि त्यांचं घर बांधायला कंपनीने पाठवलं कुणाला, तर माझ्या आईला. मी दोन दिवस आईशी बोलले नाही. तिने काही केलं नव्हतं हे मला कळत होतं, पण चिकटपट्टीचा आवाज छतातून येत होता आणि तो तिच्या हातचा होता.

आईची एक पद्धत आहे. प्रत्येक घराचा एक खोका ती सगळ्यात शेवटी भरते आणि त्यावर लाल पट्टी लावते. त्यात साबण, टॉवेल, बल्ब, पेचकस, किटली, कप. लाल पट्टी म्हणजे तिकडे पोचल्यावर आधी हा उघडायचा. घरात मूल असेल तर त्याचा वेगळा लहान लाल खोका असतो आणि तो त्याने स्वतः भरायचा. त्यात रात्रीचे कपडे, दात घासायचा ब्रश, उशीचा अभ्रा आणि जिच्यावर जीव आहे अशी एखादी वस्तू. "पहिल्या रात्री आपली उशी ओळखीच्या वासाची लागते," असं आई म्हणते. या पद्धतीवर माझी इतकी श्रद्धा होती की सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवेल पण लाल पट्टी उशिरा उघडणार नाही, असं मी समजत होते.

आणि आई आणखी एक गोष्ट सांगते. सामान बांधताना कुणी ना कुणी रडतंच. बहुतेक वेळा घरातली बाई, कधी म्हातारे गृहस्थ, एकदा तर चांगला मिशीवाला पोलीस. तेव्हा आई हातातलं काम न थांबवता म्हणते, "अजून कुठे गेलात तुम्ही? शेवटचा खोका उघडेपर्यंत माणूस जुन्याच घरात असतं." मग ते डोळे पुसतात. हे वाक्य मी भिंगरीला फार पूर्वीच सांगितलं होतं. धंद्यातलं गुपित म्हणून, शपथ घालून.

जायच्या दिवशी तिचा लाल खोका सगळ्यात शेवटी राहिला. बेचाळीस नंबर. भिंगरी म्हणाली, "पट्टी तू लाव. तुझी सरळ बसते." आणि ती खाली शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली. वही त्या आठवड्यात माझ्याकडे होती. एकशे सतराचं उत्तर आदल्याच दिवशी मिळालं होतं. मी एकशे अठरा नंबर टाकला आणि लिहिलं, "दुसऱ्या टोकाला काय होतं?" वही सगळ्यात वर, अभ्र्याच्या घडीवर ठेवली. उघडल्या उघडल्या दिसायला हवी. मग पट्टी लावली. जरा तिरकीच बसली.

आता मला फक्त उत्तराची वाट बघायची होती. मी हिशेबच मांडला. पहिल्या रात्री खोका उघडणार, दुसऱ्या दिवशी तपास, तिसऱ्या दिवशी टपालात. आठवडा झाला, दहा दिवस झाले. आईच्या फोनवरून मी दोनदा फोन केला. एकदा काकू, म्हणजे भिंगरीची आई, म्हणाल्या, ती झोपलीये. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अगं, ती फोनवर यायला तयार नाही. थोडे दिवस जाऊ देत."

यायला तयार नाही. वही हातात पडूनही यायला तयार नाही, कारण वही पडली होती याबद्दल मला शंकाच नव्हती. लाल पट्टी. पहिली रात्र. म्हणजे तिने प्रश्न वाचला होता आणि मिटून ठेवला होता. तिला दुसरी कुणीतरी मिळाली असणार, नाक सरळ असलेली. मला इतका राग आला की मी तिने दिलेला भोवरा डस्टबिनमध्ये टाकला आणि पाच मिनिटांनी काढून धुतला. आठवण करायची नाही हा नियम मीच पाळत होते. पोटात प्रश्न साठत होते आणि एकही लिहिता येत नव्हता. छत गप्प होतं. जिन्यात मी आमच्या मजल्याच्या वर बघतही नव्हते.

बाविसाव्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला, माझ्यासाठी नाही, आईसाठी. आईने पीठ लागलेल्या बोटांनी स्पीकर लावला.

"ताई, तुमच्या यादीतला बेचाळीस नंबर," काकू म्हणाल्या, "त्यात नक्की काय आहे हो?"

"तो तुमच्या लेकीचा लाल खोका. आधी उघडायचा."

"उघडायचा, पण उघडू देईल तर ना. एकेचाळीस खोके उघडले. हिने हा अडवून ठेवलाय. माझा गाऊन घालून झोपते, ब्रश नवा आणला. शाळेतून आली की त्या खोक्यावर जाऊन बसते. तास तास बसते, ताई. ही, जी कधी बसली नाही. बाबा काल उघडायला गेले तर चावली त्यांना."

"का म्हणून?"

"म्हणते, शेवटचा खोका उघडेपर्यंत आपण तिथेच आहोत. तुमच्या लेकीने सांगितलंय म्हणे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी परातीकडे पाहिलं. बावीस दिवस मी जिला शिव्या देत होते ती माझ्याच वाक्यावर बसून होती, आणि माझी वही तिच्या बुडाखाली होती.

"दहा मिनिटांनी करते फोन," आई म्हणाली आणि तिने हात धुतले.

"आई, ते खरं आहे का? शेवटच्या खोक्याचं?"

"ते मी रडणाऱ्या माणसांना सांगते."

"पण खरं आहे का?"

"मला काय माहीत, बाळा. मी कधी तिकडे गेलेय? माणसं रडत बसली तर काम पुढे सरकत नाही, म्हणून पहिल्यांदा कधीतरी बोलले. त्यांना बरं वाटलं, मग बोलतच राहिले."

मला आईचा भयंकर राग आला आणि तिची कीवही आली. इतकी वर्षं तीही अंदाजानेच चालली होती.

"तू बोल तिच्याशी," आई म्हणाली. "माझं नाही ऐकायची ती."

मी ओट्यापाशी उभी राहिले. उघड म्हटलं तर भिंगरी गेली, कायमची. नको म्हटलं तर ती थोडी तरी वरच्या मजल्यावर राहील, काकूंचा गाऊन घालून, आणि वही कधीच उघडणार नाही. मला दोन्ही हवं होतं. खरं सांगायचं तर मला ती तिथेच बसून राहायला हवी होती. माझ्यासाठी कुणी खोक्यावर बसलंय, याचा मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

आईने फोन लावला. काकूंनी तो भिंगरीच्या हातात दिला.

"भिंगरी," मी म्हटलं.

"बोल, नकटे."

"उघड तो."

"मग मी गेले असं होईल."

"गेलीच आहेस तू. बावीस दिवस झाले. ते वाक्य आई रडणाऱ्यांना गप्प करायला सांगते. मी तपास न करता तुला दिलं. चूक माझी."

मला रडू यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं. आई तिथेच उभी होती, पण तिने तिचं ते वाक्य म्हटलं नाही.

"छत गप्प असतं," मी म्हटलं. "मला आवडत नाही. तरी उघड."

मग तो आवाज आला. पट्टीचं टोक नखाने खरवडल्याचा, आणि मग एका दमात फाटल्याचा लांब आवाज. पट्टी लावल्याचा आवाज मी जन्मापासून ऐकत आले होते. निघाल्याचा पहिल्यांदाच ऐकला. शेजारी आईने ओट्याची कड धरली होती. तिनेही पहिल्यांदाच ऐकला होता.

पानं उलटल्यासारखं काही ऐकू आलं.

"वाचलं?" मी विचारलं.

"आठवण करायची नाही," भिंगरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आठ दिवसांनी वही टपालाने आली. तिच्या आदल्या दिवशी वरच्या घरात कुणीतरी राहायला आलं होतं. जड पावलं, फर्निचर ओढल्याची घरघर. मी उशी कानावर घेऊन पडले होते, कारण ते घर माझ्या मते अजून भरलेलं होतं. वहीत एकशे अठराखाली पेन्सिलने लिहिलं होतं:

"आधी फाटल्याचा आवाज होतो. मग आपल्या जुन्या घराचा वास येतो. तो फार वेळ टिकत नाही, म्हणून मी डोकं आत घालून बसले. वास संपल्यावर आई हाक मारते. मग खूप भूक लागते. तुझ्या आईला सांग, उशीचं खरं आहे. खोक्याचं खोटं आहे."

आईला मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. "उशीचं खरं आहे होय," ती म्हणाली आणि तिने चष्मा पुसला.

पान उलटलं तर पुढचा प्रश्न तयार होता. एकशे एकोणीस. "माझ्या खोलीत आता कोण आहे? तपास कर."

आमच्या मजल्याच्या वर मी महिनाभर गेले नव्हते. सोबत कुणी नसणार होतं, पण विचारणारीने सोबत यायचं नाही, हा नियम तर पहिल्या दिवसापासूनचा. मी पेन्सिलीला टोक केलं आणि चपला घातल्या. अठरा पायऱ्या. दारावरची भिंगरीच्या बाबांची पाटी काढलेली होती, चार भोकं तेवढी राहिली होती. आतून चिकटपट्टी फाटल्याचा आवाज येत होता.

मी बेल वाजवली. एका बाईने दार उघडलं. तिच्या हातात कात्री होती आणि केसांत थर्माकोलचे दाणे. तिच्या मागे पॅसेजमध्ये खोकेच खोके होते, काही उघडे, काही बंद, आणि त्यातल्या एकावर एक लहानसा मुलगा हाताची घडी घालून बसला होता.

"काय गं, हवंय काही?" बाईने विचारलं.

"मी खाली राहते," मी म्हटलं. मग त्या मुलाला विचारलं, "त्यात तुझी उशी आहे का?"