कानबाईपुढचं बिगुल

कापडाचे लूम खडखडणाऱ्या लिंबायतच्या त्या गल्लीत देव व्हायला फारसं काही लागत नाही. वस्तू चांदीची असली आणि आणणाऱ्याने ती दोन्ही हातांनी दिली, की पुरे.

सरलाबाईचा लेक कॅप्टन कुंदन सरहद्दीवर कामी आला, त्यानंतर त्याच्या पलटणीने त्याच्या आठवणीत चांदीचं बिगुल घडवून घेतलं आणि गल्लीच्या मंडळाला दिलं. त्यावर कुंदनचं नाव कोरलेलं. घेऊन आलेला सुभेदार बजावून गेला होता, की हे वाजतं ठेवा. पण मंडळाच्या दगा आप्पांनी ते काचेच्या कपाटात बसवलं, हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या, आणि सुभेदाराचं सांगणं हवेत विरलं. पुढे शेजारच्या उषाबाईने मुलाच्या नोकरीसाठी बिगुलाला नवस बोलला. नवस फळला, मग तर विचारूच नका.

सरलाबाई रोज त्या कपाटाला हात जोडून यायची. पण तिच्या मनात एकच होतं, हे एकदा तरी वाजावं. लेकाचं नाव काचेआड मुकं बसलेलं तिला सोसवत नव्हतं.

श्रावणात कानबाई देवी पाहुणी आली. रविवारी तिला रोटांचा नैवेद्य झाला, सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघायची होती. आप्पांनी बिगुल कानबाईच्या चौरंगावर मांडलं, तेव्हा सरलाबाईने पुतणीला, जयश्रीला, पुढे केलं. कॉलेजच्या एनसीसीत पोरगी बिगुलच वाजवायची.

आप्पा आडवे आले. "वहिनी, देवनी वस्तू शे. तोंड लावं का उष्टी व्हयी जाई."

ढोलवाले थांबले. आप्पा माणूस वाईट नव्हे. कुंदन फौजेच्या ट्रेनिंगला निघाला तेव्हा आपल्या रिक्षातून स्टेशनवर त्यांनीच सोडलं होतं त्याला. म्हणून तर त्यांच्यासमोर तोंड उघडणं अवघड. तरी सरलाबाई बोलली.

"आप्पा, मना कुंदननं उष्टं मी जल्मभर खादं. ताटमा टाकेल भाकर, अर्धा कप चहा. मना देव कदी बाटना नही."

एवढं बोलून तिने बिगुल उचललं, ओठांना लावलं आणि गाल फुगवून फुंकलं. सूर कसला निघतोय? आत साचलेल्या हळदकुंकवाचा लोट उडाला, तो थेट आप्पांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर. ऐन म्हातारपणी आप्पा हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसू लागले. सगळी गल्ली खो खो हसली.

"व्हयनं उष्टं," सरलाबाई म्हणाली. "आते फुक वं जयश्री."

जयश्रीने फुंकलं. पहिला सूर अडखळला, दुसरा मोकळा सुटला आणि लूमच्या खडखडाटावर चढून गेला. कारखान्यातली माणसं बनियनवरच दारात आली. रडू कोसळेल असं सरलाबाईला वाटलं होतं, पण आलं ते हसू. पोट धरून हसली ती, लेक गेल्यापासून पहिल्यांदाच. मग उषाबाईचे हात धरून तिने अशी फुगडी घातली, की चपला कुठल्या कुठे गेल्या.

जयश्रीचा दम संपला. बिगुलाचं तोंड ती ओढणीने पुसू लागली, तेवढ्यात आप्पा टोपी झटकत जवळ आले. नव्या जावयासारखे जरा लाजत त्यांनी हात पुढे केला.

"पुसू नको, पोरी. तसंच दे माले."