कप्तानाचा जबडा

मुलांच्या टीव्हीवर दर आठवड्याला जे चाचे धांदरटपणा करत फिरायचे, त्यांचा सगळा समुद्र आमच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर मावायचा. माझी बायको विनी पुठ्ठ्याचे चाचे कापायची, रंगवायची. मागच्या पट्ट्या मी ओढायचो, की कॅमेऱ्यासमोर त्यांची तोंडं हलायची. कप्तानाचा बाकी चेहरा अख्खा, जबडा तेवढा सुटा. त्यामुळे सगळा विनोद त्या जबड्यावर.

आणि तो जबडा होता माझ्या वडिलांचा. नवी कवळी बसवल्यापासून बाबा घास आधी डावीकडे ढकलायचे, मग हनुवटी पुढे काढून चघळायचे. विनीने मुद्दाम चोरला असंही नाही. तिची नजरच चोरटी, दिसेल ते उचलते. बाबांना कळलंही नसतं, पण आमच्या बंदरावर मासळीवाला पर्सी आहे ना!

"हॉरेस, काल टीव्हीवर काय झकास चावलंस रे!" बाबांना पाहताच तो भर दुकानात ओरडला. "गलबत कुठे बांधून आलास?"

त्या दिवसापासून बाबा आपली ताटली उचलून खोलीत जेवायला जाऊ लागले. विचारलं तर म्हणायचे, "तुमच्या गप्पांत माझं जेवण निवतं."

विनी शरमेने अर्धमेली झाली. "देशभर हसं केलं मी त्यांचं," एवढंच म्हणत राहायची. त्यांच्या दाराशी जायची, आतून कवळीची खुटखुट ऐकू आली की तशीच परत फिरायची.

"माफी माग आणि मोकळी हो," मी म्हणालो.

"काय सांगू? तुम्ही जेवताना फार मजेशीर दिसता, माफ करा?"

शेवटी तिने कप्तानाला नवा जबडा कापला. लंडनच्या टीव्हीवाल्या साहेबांनी फोनवर कुरकुर केली, पण ती बधली नाही. नवा जबडा जुन्यापेक्षा भारी निघाला. चावताना एका बाजूला असा घसरायचा, की पट्टी ओढता ओढता मीच खदखदून हसलो.

रविवारी बाबा आपली ताटली घेऊन टेबलावर आले. विनीने त्यांना सगळ्यात खरपूस भाजलेला बटाटा वाढला, वर सढळ हाताने ग्रेव्ही ओतली. बाबांनी घास घेतला, पण तोंडापुढे हात धरूनच. ते पाहिलं आणि विनीला राहवेना.

"चुकले मी, बाबा. खरंच चुकले. आता तो कप्तान तुम्ही नाही. बदललं मी त्याला."

"पाहिलं की. पर्सी तर हसून हसून लोळला." बाबांनी घास गिळला, मग हात खाली घेतला. "पण पोरी, या खेपेला कुणाचा जबडा उचललास?"

विनीची मान खाली गेली ती वर येईना. माझ्याकडे तर ती बघेचना.

तोंडातला बटाटा मी न चावताच गिळला.