कडेचं बी

“हो म्हण बे शकील, फक्त हो म्हण!” हरिओम पुण्याहून ओरडत होता. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

मी इंद्रभान. मोताळ्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आणि भिंतीपलीकडे शकीलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. भांडण कोणाचंही असो, मला पाहायला आवडतं. म्हणून ऐन पेरणीत, बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक सोडून मी तिथे बसलो होतो.

शकील सात वर्षं एका फुकट वाटल्या जाणाऱ्या डेस्कटॉपचं मराठी करत होता. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर जे दिसतं, ‘उघडा’, ‘जतन करा’, ‘छापा’, ते सगळं. जगभरची माणसं हे काम बिनपगारी करतात म्हणे. त्या साली, २०११ला, त्यांच्यात फूट पडली. निम्म्यांनी नवा देखणा डेस्कटॉप काढला, बाकीचे जुन्यालाच धरून बसले. मराठीवाले सगळे नव्याकडे गेले, जुन्याकडे उरला एकटा शकील. आणि त्या संध्याकाळी सहापर्यंत राहिलेली तीनशे बारा वाक्यं गेली नाहीत, तर पुढच्या आवृत्तीतून मराठी काढून टाकणार होते.

“एका कामाचे चाळीस तुकडे करून राह्यलो आपण,” हरिओम म्हणाला. तो मूळचा जानेफळचा, आता पुण्यात नोकरीला. “म्हणून तर लोक हसतात आपल्याले. नव्यात ये. जानेवारीत संमेलन आहे, तुले स्टेजवर बोलावतो.”

“तुह्यं म्हणणं खोटं नाही. पण नवं माह्या इकडच्या मशीनवर उघडतच नाही.”

“मंग नव्या मशीनी घ्या म्हणा!”

“पाहतो,” म्हणून शकीलनं फोन ठेवला. त्याला जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. संमेलनासाठी त्यानं शर्टाचं कापडही घेऊन ठेवलं होतं. इथे लोक त्याला डबडेवाला म्हणत, तिथे टाळ्या मिळणार होत्या. कोणाला नको असतं?

“बरोबर बोलून राह्यला तो,” मी म्हटलं. “माह्या दुकानात पाह्य, बीटी कपाशीच्या पिशव्यांवर शंभर नावं. गिऱ्हाईक येडं होते. तू काऊन फुकटात मरतो बे?”

“भाऊ, त्या पिशवीतल्या लहान पुडीचं तुम्ही काय करता?”

त्यानं मला बरोबर पकडलं. बीटीच्या प्रत्येक पिशवीत साध्या कपाशीची एक पुडी येते. ती शेताच्या कडेनं पेरायची, अळ्यांनी ती खायची, म्हणजे त्या बीटीच्या विषाला सरावत नाहीत आणि सगळ्या शिवाराची कपाशी वाचते. पण लोक म्हणतात, आपल्याच वावरात अळीले जेवू घालू काय? कोणी ती नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरतं, कोणी धुऱ्यावर, बांधावर फेकतं. नऊ वर्षं मी गिऱ्हाइकांना कडेनं पेरा सांगतोय. माझ्या स्वतःच्या वावरात एकदाही पेरली नाही.

“कोणीतरी कडेचं बी पेरलं पाह्यजे ना,” शकील म्हणाला. मला त्याचा रागच आला.

तेवढ्यात कौशल्याबाई आल्या. चौथी शिकलेल्या, बायकांच्या गटाच्या प्रमुख. शकीलच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर त्या दर बाजाराला आपल्या गावातल्या चाळीस घरांच्या बियाण्याच्या पिशव्यांवरचे लॉट नंबर भरायच्या. मागच्या साली बियाणं उगवलं नाही, तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, पिशवी कुठंय? लोकांनी पिशव्यांच्या थैल्या शिवून टाकलेल्या. या बाईनं छापील यादी पुढे केली. साहेबाला पाहणीला वावरात यावं लागलं. यादीत माझ्याही दुकानाचं नाव होतं. महिनाभर मी बाईशी बोललो नव्हतो. पण खरं ते खरं, अशी बाई तालुक्यात दुसरी नव्हती.

“शकीलभाऊ, आता हे सगळं इंग्रजी होणार म्हणतात?”

शकील मशीनकडे वळला आणि पहिलं वाक्य काढलं.

मी उठलो, माझ्या दुकानाचं शटर ओढलं. पेरणीच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी! बायको नंतर आठवडाभर फणफणत होती. चार वाजता लाइट गेली, तेव्हा माझ्या दुकानाचा इन्व्हर्टर ओढून आणला. शकील वाक्य करायचा, मी मोठ्यानं वाचायचो, कौशल्याबाई मान हलवायच्या किंवा म्हणायच्या, “काय बाप्पा, असं कोण बोलते?” मग शकील ते खोडायचा. सहाला पाच मिनिटं कमी असताना फाइल गेली. शकीलनं खुर्चीला डोकं टेकलं. मला भडभडून आलं, सांगायला लाज कशाची?

पोळ्याच्या आधी नवी आवृत्ती आली. शकीलनं कौशल्याबाईंना बोलावलं आणि या आवृत्तीचं काम करणाऱ्यांच्या नावांची यादी उघडली. जगभरच्या भाषा, प्रत्येकीखाली नावं. मराठीखाली शकीलनं दिलेली तीन. शकील, मी आणि सगळ्यात वर कौशल्याबाई.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं.

“माह्यं नाव?” त्या म्हणाल्या. “बावीस वर्सं वावर करून राह्यली मी. सातबाऱ्यावर बी माह्यं नाव नाही.”

त्यांनी नावावरचं बोट काढलं नाही.

“कोणी पुसून टाकीन का हे?”

“नाही,” शकील म्हणाला. “जुन्या याद्या कोणी पुसत नाही. ज्याले पाह्यजे तो आपली नवी करते.”

बाईंनी पदर नीट केला, खुर्ची पुढे ओढली आणि राहिलेले लॉट नंबर भरायला घेतले.