काशीला गेलेली हेमलता

वैशाखाचे ऊन. शुभ्र, निष्ठुर, धारदार. आकाश तांब्याच्या घंगाळासारखे तापलेले, वारा मेलेला. आणि मनोरुग्णालयाच्या जाळीदार खिडकीतून ते ऊन आत शिरे, भिंतीभिंतीवर चौकटी कोरीत, वैऱ्यासारखे.

वैरी ऊन, वैरी भिंती, वैरी माणसे! अदृश्य आवाजांशी भांडून भांडून शिणलेली हेमलता सकाळीच इथे दाखल झाली होती. सिस्टरने तिची कर्णफुले उतरवून घेतली. "घरी जाताना परत मिळतील हं," म्हणाली. हेमलतेला वाटले, आपले नावच उतरवून घेतले. शेजारच्या खाटेवरच्या सोनाबाईने पाण्याचा पेला पुढे केला. हेमलतेने तो भिरकावला.

"बरं केलंस," भिजला पदर पिळीत म्हातारी म्हणाली. "लई उकडत हुतं. मी आले तवा तर सिस्टरला चावले हुते."

हेमलता हसली नाही. अग्निशिखेसारखी ताठ, भयाने काळवंडलेली, ती बसून राहिली.

उन्हे कलली आणि तिचा भाऊ श्रीधर आला; घाम पुशीत, मागेपुढे पाहत.

"गावात सांगितलंय, तू मावशीबरोबर काशीला गेलीस," तो कुजबुजला. "आणि हेमा, यांच्यात मिसळू नकोस. वेडी माणसं ही."

"आणि मी कोण, दादा?"

"हळू बोल!"

"मला ताप आला असता, तर हळू बोलला असतास?" तिचा स्वर वीज होऊन कडाडला, वॉर्डभर, व्हरांडाभर. "सांग गावाला, हेमा आजारी आहे. मनानं आजारी आहे. औषध घेतेय. काशीला नाही गेली!"

श्रीधर गेला. मान खाली घालून, मागे न पाहता गेला. त्याची सावली लांबत लांबत फाटकापाशी विरली. आणि हेमलतेचे सारे अंग थरथरू लागले, वादळाने झोडपलेल्या वेलीसारखे.

तेव्हा सोनाबाई उठली. गेलेल्याविषयी चकार शब्द न काढता हेमलतेच्या पुढ्यात जमिनीवर बसली, तिच्याकडे पाठ करून.

"वेणी घाल गं बाई. माझा हात वर जात न्हाई."

हेमलता त्या पाठीकडे पाहत राहिली. घरी कित्येक महिने तिच्याकडे कुणी पाठ केली नव्हती. विळी लपवली जाई, दारांना आतून कड्या लागत, डोळे पहारा देत. आणि ही कृश, सुरकुतलेली, निर्भय मान तिच्या हाताशी, उघडी.

खिडकीत सांज उतरली. केशरी, मग जांभळी, मग निळी. हेमलतेने रुपेरी केसांचे तीन पेड धरले. पेडावर पेड, पेडावर पेड, वेणी खाली उतरत गेली, उतरत गेली. बोटे निवत गेली. आणि अंधार आला, काळाभोर, मऊ, मायाळू.